पुलाच्या चढावर अडकलेला ट्रेलर

सकाळी ७.४२ ला पुलाच्या चढावर कडेच्या लेनमध्ये भरलेला ट्रेलर उभा राहिला. कंट्रोल रूममध्ये तो कॅमेऱ्याच्या आधी आकड्यांत दिसला. माथ्यावरच्या सेन्सरला कडेच्या लेनची मोजणी शून्यावर आली, शेजारच्या दोन लेनमध्ये मात्र गाड्या नेहमीच्याच वेगाने जात होत्या. त्याच वेळी पायथ्याच्या सेन्सरची ऑक्युपन्सी, म्हणजे सेन्सरवर गाडी असण्याच्या वेळेचं प्रमाण, १२ टक्क्यांवरून ३५ वर चढली. पुढे रिकामं आणि मागे तुंबलेलं अशी जोडी दिसली की मधे काहीतरी उभं आहे, हे धरूनच चालायचं. कॅमेरा फिरवायचा तो फक्त खात्री करायला.

पूल एका दिशेला तीन लेनचा आहे. शोल्डर, म्हणजे बंद गाडी उभी करायची कडेची पट्टी, नाही. शेवटच्या लेनला लागून थेट कठडाच. खालून जहाजं जातात म्हणून मधला भाग उंच ठेवलेला, त्यामुळे दोन्हीकडून चढ. भरलेल्या गाड्या या चढावर ३०-३५ किलोमीटरच्या वेगावर येतात आणि ज्यांच्यात काही बिघाड दबून असतो तो इथेच वर येतो. सपाट रस्त्यावर तासभर निभावलेली गाडी चढाच्या मध्यावर मान टाकते.

तीन लेनपैकी एक अडली म्हणजे क्षमता दोन तृतीयांश उरली, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात ती निम्म्यावर येते. अडलेल्या लेनमधल्या गाड्या शेवटच्या क्षणी शेजारी घुसतात, त्यांना जागा देणारे ब्रेक मारतात, आणि जाता जाता प्रत्येकजण मान वळवून बघतो. चांगल्या दिवशी आमच्या तीन लेन मिळून तासाला ५,४०० गाड्या नेतात. त्या सकाळी त्या २,७०० वर आल्या आणि मागून येत होत्या तासाला ४,८००. म्हणजे दर मिनिटाला ३५ गाड्या रांगेत जमा. रांगेचं शेपूट साधारण ताशी ११ किलोमीटरने, म्हणजे धावत्या माणसाच्या वेगाने, मागे सरकत होतं.

म्हणून आमची पहिली गाडी ट्रेलरकडे नाही, रांगेच्या शेपटाकडे पाठवली. नवीन आलेल्यांना हे उलटं वाटतं. पण अडकलेली गाडी दिसते, तिच्याभोवती सगळे हळू असतात. जीवघेणी धडक होते ती दोन-चार किलोमीटर मागे, जिथे भरवेगात येणाऱ्याला वळणाआड रांग उभी आहे याची कल्पनाच नसते. इशारा देणारी गाडी शेपटाच्या किमान अर्धा किलोमीटर मागे हवी आणि शेपूट सरकेल तसं तिनेही मागे सरकायला हवं. एका जागी उभी राहिली तर पंधरा मिनिटांत ती रांगेच्या पोटात असते आणि तिचा दिवा फिरतो तो आधीच थांबलेल्यांसाठी.

दुसरी गाडी ट्रेलरच्या मागे गेली, कोन, म्हणजे लेन अडवायचे प्लास्टिकचे शंकू, घेऊन. ६० च्या वेगमर्यादेला साडेतीन मीटरची लेन बंद करायची तर कोनांची तिरकी रांग सुमारे ८० मीटरची लागते. घाईत ती ३० मीटरमध्ये उरकतात, मग गाड्या कोनापाशी येऊन थबकतात आणि शेजारच्या लेनचा वेगही मारतात. पूर्ण लांबी दिली की गाड्या चालत्या चालत्या मिसळतात. तेवढ्यानेच रांगेत मोजता येईल इतका फरक पडतो.

ट्रेलरचं निदान ड्रायव्हरने फोनवरच सांगितलं होतं: हवा गेली. जड गाड्यांचे पार्किंग ब्रेक हवेने लागत नाहीत, हवेने सुटतात. चेंबरमध्ये जाड स्प्रिंग दाबून धरलेली असते ती टाकीतल्या हवेच्या जोरावर. चालू गाडीत हा दाब साधारण ८ बार असतो. तो निम्म्याच्याही खाली घसरला की स्प्रिंग मोकळी होते आणि चाकं आवळली जातात. रचना अशीच हवी, नाहीतर हवा गेलेली गाडी उतारावर सुटेल. पण याचाच अर्थ असा, की ती ढकलून किंवा नुसती ओढून बाजूला करता येत नाही. इथे ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलची रबरी नळी ब्रेक चेंबरच्या जोडापाशी घासून घासून फाटली होती. क्लिप निसटली, नळी चॅसीला लागायला लागली, एवढंच कारण.

क्रेन कुठून आणायची हा पुढचा प्रश्न. तिची रोजची उभी राहायची जागा अलीकडच्या टोकाला, म्हणजे नेमकी रांगेच्या मागे. तिथून आली असती तर ती स्वतःच अर्धा तास कोंडीत बसली असती. ट्रेलरच्या पुढची कडेची लेन मात्र माथ्यापर्यंत आणि पलीकडे उतरेपर्यंत मोकळी होती. क्रेनला विरुद्ध दिशेच्या रस्त्याने पलीकडे नेलं, तिथे कोन लावून ही रिकामी लेन ताब्यात घेतली आणि पायलट गाडीच्या आडोशाने क्रेन रिव्हर्समध्ये ट्रेलरच्या तोंडाशी आणली. ८.०१ ला ती जागेवर होती.

क्रेनच्या माणसांनी सगळ्यात आधी चाकांना ठोकळे लावले. दोन्ही बाजूंना, उताराच्या अंगाला. मग क्रेनची हवा ट्रेलरच्या लाल नळीला, म्हणजे टाकी भरणाऱ्या लाइनला जोडली. फाटलेल्या नळीतून ती तशीच बाहेर जायला लागली, म्हणून ती नळी चिमटा लावून बंद केली. बाकीच्या ॲक्सलचे ब्रेक सुटले. मागच्या ॲक्सलचे दोन चेंबर उरले, ते हातानेच सोडवायचे होते. त्यासाठी चेंबरच्या बाजूच्या खाचेत एक लांब बोल्ट, केजिंग बोल्ट, ठेवलेला असतो. चेंबरच्या पाठीवरचं रबरी बूच काढायचं, बोल्ट भोकातून आत घालायचा, पाव फेरा फिरवून आत अडकवायचा आणि मग नट आवळत जायचं. सुमारे ६ सेंटीमीटर बोल्ट बाहेर आला की स्प्रिंग पूर्ण दाबली जाते. आतल्या स्प्रिंगचा जोर टनाच्या घरात असतो, त्यामुळे चेंबरच्या कड्याला कोणी पाना लावायचा नाही हा पक्का नियम.

कठड्याकडचा चेंबर सुटला. दुसरा वाहत्या लेनच्या बाजूला होता आणि तिथे काम करायचं म्हणजे माणसाने चाकांच्या मधे आडवं होऊन पाय लेनमध्ये सोडायचे. शिवाय कोनांच्या फटीतून दुचाक्या घुसत होत्याच. मी मधली लेनही बंद करायला सांगितलं.

वरून फोन आला की एवढ्या गर्दीत दुसरी लेन बंद करू नका. आकडे त्यांच्या बाजूने होते हे मान्यच: तीनपैकी दोन लेन अडल्या की क्षमता तिसऱ्या हिश्श्यावर नाही, जेमतेम सहाव्या हिश्श्यावर येते. बारा मिनिटांचं बंद म्हणजे रांगेत साडेतीनशेच्या वर गाड्यांची भर. पण मधली लेन चालू ठेवून तेच काम करायला माणूस दर गाडीला दचकतो, हात आत घेतो, पुन्हा सुरू करतो, आणि बाराची पंचवीस मिनिटं होतात. आवळलेल्या चाकांसकट ओढून न्यावं हाही सल्ला आला. तसं केलं असतं तर टायर घासून फुटले असते आणि पुढच्या एक्सपान्शन जॉइंटच्या, म्हणजे पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्याच्या, पोलादी दातांना फटका बसला असता. जॉइंटचं काम निघालं की लेन मिनिटांसाठी नाही, रात्रीच्या रात्री बंद राहते. दुसरी लेन बंद केली. बोल्ट आवळला गेला, लेन उघडली, ८.२५ ला ट्रेलर माथा ओलांडून गेला. त्या आधी त्याचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकं जोडणारा दांडा, सोडवून ठेवला होता. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर गिअरबॉक्समध्ये ऑइल पोचत नाही आणि तो जळतो.

थांबलेल्या रांगेतून या काळात बरेच फोन आले: पूल हलतोय. पूल हलतोच. शेजारून जड गाडी गेली की डेक, म्हणजे पुलाचा रस्त्याचा भाग, खालीवर होतो, चालत्या गाडीत ते कळत नाही, उभ्या गाडीत कळतं. उलट लांब गाळ्याच्या पुलाचं डिझाइन करताना खच्चून भरलेली, ठप्प उभी वाहतूकच धरलेली असते, कारण धावत्या गाड्यांमध्ये अंतर असतं आणि उभ्यांमध्ये नसतं.

लेन मोकळी झाली तेव्हा रांगेत साधारण १,६०० जादा गाड्या होत्या आणि शेपूट साडेआठ किलोमीटरवर. इथे संदेशफलकाचा प्रश्न येतो. ट्रेलर हलला की ‘मार्ग मोकळा’ असं टाकायचा मोह होतो, आणि मला तो सगळ्यात महागडा वाटतो. आठच्या सुमारास तासाला सहाशेच्या आसपास गाड्या पर्यायी रस्त्याला वळल्या होत्या. रांगेतून सुटणारा प्रवाह पूर्ण ५,४०० चा कधीच नसतो, पाच हजार धरावा. वळलेले परत आले तर तासाला जेमतेम दोनशेनेच रांग कमी होते, बाहेर राहिले तर आठशेने. आम्ही ‘अडथळा दूर, रांग ८ किमी, पर्यायी मार्ग वापरा’ एवढंच ठेवलं. सव्वानऊनंतर येणारी गर्दी ओसरली आणि दहाच्या सुमाराला रांग संपली. ‘मोकळा’ लिहिलं असतं तर साडेदहा वाजले असते. अडथळा ४३ मिनिटांचा, उशीर त्यानंतरही दीड तासाचा.

याच दीड तासात तक्रारी आल्या त्या अशा: पुलावर काहीच नव्हतं, मग आम्हाला का अडवलं? त्यांचं खरंच होतं. सुटण्याची लाट पुढून मागे सरकते ती ताशी १८ किलोमीटरच्या आसपास. साडेआठ किलोमीटर मागच्या माणसापर्यंत ती पोचायला जवळपास अर्धा तास लागतो आणि तो चढावर येईपर्यंत ट्रेलर कधीच यार्डात पोचलेला असतो.

दुपारी गर्दी उतरल्यावर कडेची लेन पंधरा मिनिटं पुन्हा घेतली, जॉइंटचे दात आणि सांडलेलं ऑइल तपासलं, वाळू टाकून झाडून काढली. रिपोर्टमध्ये दोनच मागण्या लिहिल्या. गर्दीच्या वेळी एक क्रेन पलीकडच्या टोकाला उभी ठेवायची, आणि प्रत्येक क्रेनवर केजिंग बोल्टचे चार सुटे नग ठेवायचे, कारण गाडीच्या खाचेतला बोल्ट बहुतेक वेळा गंजून बसलेला असतो. बोल्ट लगेच मिळाले. पलीकडे क्रेन उभी करायची तर ड्रायव्हरची पाळी आणि जागा दोन्ही लागतात, त्यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे.