डफरीन चौकातून

मंगळवार, रात्री

शेजारच्या अक्कांना आज एकदाचं दवाखान्यात नेलं. चार महिने अंगावरून जास्त जातंय, पण बाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं तेही त्यांची सून पाण्याला आली तेव्हा. "बाई डॉक्टर हाय का तिथं? असंल तर येते," एवढीच अट.

रिक्षा सोलापुरातल्या डफरीन चौकात अडकली. आयुष्यभर इथून जातेय, डफरीन कोण हे कधी विचारलं नव्हतं. व्हाइसरॉयची बायको. 1885 साली तिनं याच अटीसाठी निधी उभारला: परक्या पुरुषापुढे न जाणाऱ्या बायकांना बाई डॉक्टर, नर्स, शिकलेल्या सुइणी मिळाव्यात.

हे ताजं आठवलं ते भाचीच्या भाषणामुळे. तिला आनंदीबाई जोशींवर बोलायचंय. बोल की, पण रखमाबाईही घे म्हटलं. आनंदीबाई 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, बावीसही पूर्ण व्हायच्या आत गेल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक तशीच राहिली. पुढच्याच महिन्यात मुंबईत रखमाबाईंच्या खटल्याचा निकाल लागला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न. तुरुंग चालेल, म्हणाल्या. पुढे दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, मग लंडनला डॉक्टरी शिकून आल्या आणि सुरत, राजकोटला तीस वर्षांहून जास्त काळ बायकांची बाळंतपणं नि दुखणी बघत बसल्या. त्या तीस वर्षांवर कुणी भाषण करत नाही. रोज सकाळी ओपीडी उघडण्यात टाळ्यांसारखं काय असतं म्हणा!

आमची डॉक्टर पंचविशीतली. पडदा ओढला, स्टूल जवळ घेतलं. अक्का मराठीत अडखळायला लागल्या तशी तीच म्हणाली, "एन्नि रोजुलु?" तेलुगू ऐकून अक्का एकदम मोकळ्या झाल्या. किती दिवस, किती कापड, चक्कर कधी, सगळं. मला बाहेर बसायला सांगितलं, बरंच केलं.

हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या दिल्यात, गुरुवारी सोनोग्राफी. कागदावर अक्कांनी सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. तंबाखूनं पिवळट पडलेली बोटं पेनावर घट्ट.

घरी आल्यावर झोपा म्हटलं. बघते तर सूप मांडीवर, कात्री पानांवर चालू. हजार विड्या भरायला तीनशे कमी होत्या.