तुम्ही विचारलंत म्हणून: ते पोकळ झाड काढून का नाही टाकत?

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न येतोच. पुण्यात, एरंडवण्यात आमच्या बिल्डिंगला खेटून जुना रेन ट्री आहे, खोडाला मोठी ढोली, वर एक वाळकी फांदी, आणि येणारा-जाणारा म्हणतो, अहो पडलं म्हणजे?

तर ढोली आहे म्हणजे झाड मेलंय असं नाही. खोडाचा गाभा तसाही निर्जीवच असतो, पाणी चढतं ते बाहेरच्या लाकडातून, आणि ते कडं पुरेसं जाड असेल तर झाड मजेत उभं राहतं (किती जाड ते जाणकाराला दाखवा, वॉचमनला नको). ढोलीत सिमेंट मात्र भरू नका, ओल आत कोंडते. मला भीती वाटते ती बुंध्याची. तिथे भूछत्रं आली, एका बाजूची माती उचलली गेली, किंवा ड्रेनेज खणताना कुणी मुळं तोडली, तर मग थांबायचं नाही. आपल्याकडे तर बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवतात, मुळांना ना हवा ना पाणी, आणि पडलं की दोष झाडाचा!

शेंडा उडवून झाड 'हलकं' करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. त्या कापातून कूज आत शिरते, आणि भराभर फुटलेले धुमारे वरवर धरलेले असतात, काही वर्षांनी तेच वाऱ्यात मोडतात.

आणि छाटणी मेमध्येच का हो? उन्हाळ्यातच तर घरटी भरलेली असतात. आमच्या त्या वाळक्या फांदीत तांबट पक्षी भोक पाडतो, तेही फांदीच्या खालच्या अंगाला, आत शिरून दिसेनासा होतो आणि मग चोचभर भुसा घेऊन बाहेर डोकावतो. ताज्या हिरव्या फांदीत त्याला हे जमत नाही, त्याला मऊ पडलेलं लाकूडच लागतं. खालच्या ढोलीत पिंगळे (छोटी घुबडं) आहेत, दिवेलागणीला बाहेर येऊन मान वर-खाली करत आपल्यालाच निरखतात. म्हणून मी म्हणते दिवाळीनंतर छाटा, आधी वर नीट बघा, आणि खाली माणसांची ये-जा नसेल तर वाळकी फांदी अगदी बुडापासून न काढता आखूड करून ठेवा.

परवानगी लागतेच, झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी. महाराष्ट्राचा शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे, अर्ज महापालिकेकडे करायचा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात.

गाडीवर पक्षी घाण करतात म्हणाल, तर हो, करतात. कव्हर घाला.