आमची वाटचाल : दादाचं मशीन, लाल रिबन आणि नावांची वही

एड्सग्रस्तांना साथ आणि गेलेल्यांची आठवण म्हणून लावतात ती लाल रिबन शिवायची नसते, दुमडायची असते. सहा इंचांची पट्टी घ्यायची, मध्यावर दुमडायची, दोन्ही टोकं एकमेकांवरून तिरकी खाली सोडायची आणि जिथे ती छेदतात तिथे सेफ्टी पिन. न्यूयॉर्कमधल्या कलाकारांच्या गटाने १९९१ साली ही रिबन आणली तेव्हा कृती एवढीच ठेवली होती, आणि तिच्यावर मुद्दामच कुणाचा हक्क राखला नव्हता. कुणीही करावी, कुणीही लावावी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याच धंद्यातले एक गृहस्थ गेली कित्येक वर्षं आपल्या पाकिटावर ‘मूळ डिझाइन’ असं छापतात. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आमचं शिवणकामाचं युनिट १९९४ साली सुरू झालं ते दादाच्या पायमशीनवर. दादा शिंपीकाम करायचा. हात इतका सरळ की खडूची रेघ मारल्याशिवाय तो शर्टाची पट्टी कापायचा. १९९३ साली तो एड्सने गेला. तेव्हा औषध म्हणून एझेडटीचं नाव ऐकू यायचं, आणि ते एकटं फार काळ पुरत नाही हे डॉक्टरांनाही कळून चुकलं होतं. वहिनींचीही एचआयव्हीची, म्हणजे एड्सच्या विषाणूची, तपासणी झाली, तीही पॉझिटिव्ह. नातेवाइकांनी मशीन विकून टाकायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “मशीनला काय झालंय?” तीच आमच्या युनिटची स्थापना समजा.

रिबनबरोबर आम्ही स्मृतिपट शिवतो, म्हणजे एड्सने गेलेल्या माणसाचं नाव घालून त्याच्याच कपड्यांतून शिवलेला पट. ही कल्पना आमची नाही, हे मी कधी लपवलं नाही. दवाखान्यात नंबर लावून बसलेलं असताना वहिनींनी एका जुन्या मासिकात फोटो पाहिला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हिरवळीवर भलीमोठी गोधडी उलगडताहेत. अमेरिकेतली एड्स स्मृतिगोधडी ती. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लीव्ह जोन्स यांना १९८५ च्या एका मेणबत्ती मोर्चात तिची कल्पना सुचली. मोर्चातल्या लोकांनी गेलेल्यांची नावं फलकांवर लिहून सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवली होती, आणि ती भिंत त्यांना ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० पट होते. आज ५० हजारांच्या आसपास पट आहेत आणि १ लाख १० हजारांहून अधिक नावं. प्रत्येक पट तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीच्या मापाचा. असे आठ पट जोडले की बारा बाय बाराचा एक चौकोन होतो, कडेने कॅनव्हासची पट्टी.

लोक या गोधडीचं नाव काढलं की रडू लागतात. मला आधी शिवण आठवते. सुरुवातीपासून तिची शिवण-दुरुस्ती बघणाऱ्या गर्ट मॅकमुलिन नावाच्या बाई आहेत. २०२० साली मास्कचा तुटवडा पडला तेव्हा गोधडीसाठी साठवलेल्या उरलेल्या कापडातून त्यांनी मास्क शिवले. याला म्हणतात कारागीर. भाषणं करणारे पुष्कळ असतात, पण आठ वेगवेगळ्या घरांतून आलेले, आठ वेगवेगळ्या ताणाचे कपडे एका चौकोनात झोळ न पडता बसवून दाखवा.

आमचा पहिला पट अर्थातच दादाचा. वहिनींनी त्याची मापाची टेप कडेने उभी शिवली. छत्तिसाच्या पुढचे आकडे बोटांनी घासून पुसट झालेले होते, ते तसेच ठेवले. खाली त्याच्या खडूचा तुकडा जाळीच्या खिशात. नाव साखळी टाक्याने. तो पट बघून दवाखान्यातल्या ओळखीच्या दोघी-तिघी आपापल्या माणसाचे कपडे घेऊन आल्या, आणि मग येतच राहिल्या.

या कामात नवीन पडणाऱ्यांना इथेच चार गोष्टी सांगते, कुणी विचारल्या नसल्या तरी. अस्तराला मांजरपाट वापरा, पण आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतो आणि वरचं नाव आकसतं. जीन्स, कोट असं जाड काही असेल तर सोळा नंबरची सुई लावा. चौदाने ओढाल तर मधेच टाके सुटतील. गोंद आणि ग्लू गन यांना युनिटमध्ये पाऊल टाकू देऊ नका. गोंद पिवळा पडतो, कडक होतो, दुमडीवर तडकतो. पट गुंडाळूनच ठेवा. घडी घालणं भागच असेल तर वर्षातून एकदा उलगडा आणि घडीची जागा बदला. आणि गिऱ्हाइकाला कधीही म्हणू नका की कपडा धुऊन आणा. पुष्कळांना तो धुवायचा नसतो.

नावांच्या बाबतीत आमचा नियम पहिल्या दिवसापासून आहे: घरच्यांनी स्वतः लिहून दिलेलंच नाव शिवायचं. कुणी पूर्ण नाव देतं, कुणी नुसतं आद्याक्षर, कुणी फक्त लाडाचं नाव. अमेरिकेच्या त्या गोधडीतही असे पट आहेत. कारण विचारायचं नाही.

आता ते गृहस्थ. सुरुवातीला तेच आमचे भागीदार होते. दादाच्या ओळखीतले, हिशेबाला पक्के, बोलायला गोड. पटांवर पोट भरत नाही हे उघड होतं. पोट भरायचं ते गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे यांच्यावर, आणि ही कामं त्यांनी आणली हे मी मान्य करते. रिबनची गरम कटरवाली मशीनही त्यांनीच सुचवली. सॅटिनची टोकं तोपर्यंत आम्ही मेणबत्तीवर धरून सील करायचो. हात भाजायचा आणि शंभरात दहा टोकं काळी पडायची. इंटरलॉक मशीन आलं, दोन शिलाई मशीन आली, दवाखान्यात ओळख झालेल्या बायका कामाला लागल्या. त्यांतल्या निम्म्याअधिक पॉझिटिव्ह होत्या. कोण होत्या, हे भागीदाराला माहीत होतं. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

२००० साली ते वेगळे झाले. वेगळं होण्याला माझी हरकत नव्हती. जाताना कटर मशीन नेलं, ठीक, त्यांचा पैसा होता. गिऱ्हाइकांची वही नेली, तेही सोडा. पण त्या वहीतल्या एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन त्यांनी सांगितलं, “तिकडे कोण बायका शिवतात माहीत आहे ना? मुलांच्या अंगाला लागतं हो ते कापड.” गणवेशाची ऑर्डर पंधरवड्यात गेली. कटिंग झालेला माल टेबलावर, आणि समोरून निरोप की नको. अभ्रेवाला आगाऊ रक्कम परत मागायला आला आणि दारातच उभा राहिला, आत आला नाही. चहा विचारला तर हातानेच नको म्हणाला.

एका मशीनवर बसल्याने, घामाने, स्पर्शाने, कापडाने एचआयव्ही होत नाही. हा विषाणू शरीराबाहेर फार वेळ तग धरत नाही. हे तेव्हाही सगळ्या पत्रकांवर छापलेलं होतं. त्यांतली काही पत्रकं आमच्याकडूनच रिबन लावून गेली होती! लोक रिबन लावत होते आणि रिबन करणारीच्या हातचा गणवेश नाकारत होते.

त्या वर्षी भाडं थकलं. इंटरलॉक विकावं लागलं. दोन बायका स्वतःहून म्हणाल्या, “ताई, आम्ही येत नाही, म्हणजे तुमचं काम परत येईल.” वहिनींनी त्यांना मशीनवरून उठू दिलं नाही. स्वतः त्यांची तब्येत तेव्हा पार खालावलेली. सीडी-फोर तपासणीचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी किती उरल्या ते सांगणारा कागद त्या घडी करून पिनांच्या डबीत ठेवायच्या आणि हात चालू ठेवायच्या. मी रात्री हिशेब मांडायची. तो जुळायचा नाही.

तेव्हा एक मावशी उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाचा पट आम्ही शिवला होता. मुलाचा निळा चेक्सचा शर्ट, खिशाला बॉलपेनच्या शाईचा डाग. डाग काढू का, असं नवी मुलगी विचारायला गेली तर मावशींनी शर्ट तिच्या हातातून काढूनच घेतला होता. पट झाल्यावर त्यांनी तो उलटा केला. मावशी मागची बाजू आधी बघतात. मागे गाठी दिसल्या, लोंबते दोरे दिसले की उसवायला लावतात. आमच्या कामाची मागची बाजू आज स्वच्छ असते ती त्यांच्या धाकामुळे.

तर त्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, “घरभर पडदे शिवायचेत.” त्यांच्या घरी पडदे होते, आम्हीच शिवलेले. मग म्हणाल्या, बहिणीकडेही हवेत. मग शेजारी. डिलिव्हरी घ्यायला त्या भर दुपारी यायच्या, गठ्ठा हातात घेऊन मुद्दाम बाजारातून चालत जायच्या आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला कुठे शिवले ते सांगायच्या. एकदा त्या गृहस्थांच्या दुकानात जाऊन, सॅम्पलचा अभ्रा उलटा करून, “मागे गाठी फार आहेत तुमच्या,” असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणून आल्या. मला हे दुसऱ्याकडून कळलं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “होत्याच गाठी.”

त्याच सुमारास औषधांचं चित्र पालटलं. तीन औषधं एकत्र दिली तर माणूस जगतो हे १९९६ पासून माहीत होतं, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी ‘मेदसाँ साँ फ्रोंतिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेला तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, आणि सगळीकडे भाव कोसळायला लागले. वहिनींना गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे उलट्या आणि भयानक स्वप्नं, मग वजन वाढलं, ब्लाउज आम्हालाच सैल करून द्यावे लागले. आज त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही, आणि तो सापडत नसेल तर शरीरसंबंधातूनही संसर्ग होत नाही, हे आता शास्त्राने पक्कं केलंय. कटिंग टेबलावर त्याच बसतात. माझ्यापेक्षा जास्त ओरडतात.

पुढची दहाएक वर्षं काम व्यवस्थित चाललं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते त्यानंतरच्या एका मोठ्या ऑर्डरबद्दल. १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनासाठी एका बड्या संस्थेला रिबन हव्या होत्या. आमचं सॅम्पल पास झालं: उभ्या बारीक रेघांची ग्रोग्रेन रिबन, घसरत नाही, दुमड धरते, पिन गंज न धरणारी. भाव ठरला. मग फॉर्म आला, आणि त्यात एक रकाना: सर्व कारागिरांची एचआयव्ही तपासणी झाल्याचं प्रमाणपत्र जोडावे. एड्स दिनाच्या रिबनसाठी! मी फोन केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१० सालची शिफारस क्रमांक २०० वाचून दाखवली. कामासाठी एचआयव्ही तपासणीची सक्ती करू नये, असं तिच्यात स्पष्ट आहे. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, आमचा फॉर्मच तसा आहे.” आम्ही प्रमाणपत्र दिलं नाही. ऑर्डर कुणाला मिळाली ते ओळखा. त्यांनी रिबन गरम गोंदाने चिकटवून दिल्या, पिना साध्या लोखंडी. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या शर्टांवर तांबूस ठिपके उमटले होते, हे मी स्वतः पाहिलंय. पाकिटावर ‘मूळ डिझाइन’ होतंच.

लोक म्हणतात, जुनं सोडून द्या. मी सोडलेलं नाही. हिशेबाच्या वहीत ते अजून ‘येणे’ बाजूला आहे.

परत द्यायचं म्हणाल तर आम्ही देणगीचे फोटो काढत नाही. रिबनच्या नफ्याचा ठरावीक भाग दवाखान्यात येणाऱ्यांच्या प्रवासखर्चाला जातो, कारण गोळ्या मिळाल्या तरी तिथवर पोचायला पैसे लागतात आणि एक फेरी चुकली की पुढची चुकते. आईबाप गेलेल्या मुलामुलींना आम्ही शिवण शिकवतो. शिकताना पैसे देतो. फुकट राबवून घेण्याला प्रशिक्षण म्हणणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत. गोळ्या आणायच्या दिवशी ज्याला सुट्टी हवी त्याला भरपगारी मिळते आणि कारण नोंदवलं जात नाही. युनिट चालवणाऱ्यांनो, एवढं तरी कराच, त्याने उत्पादन बुडत नाही. बुडतं ते माणूस गोळी चुकवून आजारी पडला की.

मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, जगभर मेणबत्ती स्मरण होतं त्या दिवशी, आम्ही सगळे पट बाहेर काढतो. नावांची वही वहिनी वाचतात. मावशी अजून येतात, पट उलटा करून बघतात.

पटांच्या ऑर्डरी मात्र घटल्या आहेत. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या अंदाजाने २००४ साली जगात एड्समुळे सुमारे २१ लाख माणसं गेली, २०२३ साली ६ लाख ३० हजार. धंद्यातली ही एकच घट आहे जी सांगताना मला बरं वाटतं. आता जे पट येतात त्यांतले बरेच जुने, उशिरा धीर झालेल्यांचे. वीस-पंचवीस वर्षं कपाटात ठेवलेली साडी घेऊन कुणी येतं आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसेल तेव्हाच पिशवी उघडतं. अशांना आम्ही मागच्या खोलीत बसवतो.

ऑर्डर देणाऱ्यांसाठी: पटाला नाव आणि अक्षरं घरच्यांच्या हस्ताक्षरात लागतात, घाई चालणार नाही. रिबनला निम्मा ॲडव्हान्स. कारागिरांचं कुठलंही प्रमाणपत्र मिळणार नाही. आणि नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उलटला की १ डिसेंबरची रिबन आम्ही घेत नाही, कितीही ओळखीचे असलात तरी.