आधी टोपी बघा, मग चेहरा

सैनिकांचे जुने स्टुडिओतले फोटो बघायचा मला भयंकर नाद आहे आणि हल्ली चेहऱ्याच्या आधी नजर टोपीवर जाते. फोटोमागे नाव नसेल तर नुसत्या चेहऱ्यावरून काय कळणार, टोपी मात्र बरंच बोलते.

परवा एका जर्मन सैनिकाचा फोटो झूम करून बघत होतो. मागे रंगवलेला पडदा, बाजूला नक्षीदार टेबल, डोक्यावर झाप (पुढची कड) नसलेली गोल टोपी आणि पुढे एकाखाली एक अशा दोन बारक्या चकत्या, म्हणजे रंगीत गोल बिल्ले. वरची सगळ्या साम्राज्याची, खालची त्याच्या राज्याची. साम्राज्याची चकती आली 1897 मध्ये, म्हणजे दोन दिसल्या की फोटो त्यानंतरचा, एवढं तरी पक्कं झालं! टोकवालं शिरस्त्राण असेल तर ते 1842 पासून प्रशिया या जर्मन राज्यात होतं, त्यावर कापडी खोळ आणि खोळीवर रेजिमेंटचा नंबर असायचा, आणि नंबरवर 'आर' असेल तर तो राखीव दलातला माणूस. 1916 पासून पोलादी हेल्मेट आलं आणि ते टोक हळूहळू गेलंच.

पण रंगांच्या बाबतीत फोटो सरळ फसवतो. तेव्हा कॅमेऱ्यात घालायच्या बऱ्याच काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा आणि निळा मात्र फिकट. त्यामुळे फ्रेंच सैनिकाच्या टोपीचा लालभडक भाग फोटोत काळपट दिसतो आणि आपण बघणारे बिनधास्त काळा समजून बसतो. बव्हेरिया या जर्मन राज्याची पांढरी-निळी चकती तर कधी कधी नुसती पांढरीच वाटते.

दुसरी गंमत उजव्या-डाव्याची. पत्र्यावरचे टिनटाइप फोटो आरशासारखे उलटे असतात, अमेरिकन यादवी युद्धातल्या कितीतरी फोटोंत टोपीवरची आणि पट्ट्याच्या बकलवरची अक्षरं उलटी दिसतात ती म्हणूनच. काही जण तर फोटोत सरळ यावीत म्हणून अक्षरं मुद्दाम उलटी लावून बसायचे, मला हे फार आवडतं, केवढी हौस! ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या हॅटची कड डाव्या बाजूला वर दुमडलेली असते, ती उजवीकडे दिसली तर आधी फोटो उलटा छापलाय का ते बघायचं, मग बाकीचं.

आणि खूप फोटोंत टोपी डोक्यावर नसतेच, टेबलावर ठेवलेली असते नाहीतर हातात असते. जुन्या स्टुडिओत उजेड छतातल्या काचेतून वरून यायचा, टोपीच्या झापाची सावली थेट डोळ्यांवर पडायची. चेहरा घरच्यांना नीट दिसावा म्हणून टोपी काढायची, पण बिल्ला कॅमेऱ्याकडे येईल अशी ठेवायची. मला हेच फोटो सगळ्यात जवळचे वाटतात. कारण अशा फोटोत कधी कधी कपाळ दिसतं, वरचा अर्धा भाग पांढराफटक आणि खाली भुवयांपासून चेहरा उन्हानं रापून काळा, मधे टोपीच्या कडेची सरळ रेघ. टोपी टेबलावर आहे, पण रोज ती कुठपर्यंत ओढून घालायचा ते कपाळावर दिसतंय. त्या रेघेवरून माझी नजर हटतच नाही.