कोरड्या नदीची नोंद

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. रात्रीचे साडेदहा.

आज सकाळी सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या मदतगटाच्या खोलीत साहित्याची मोजदाद केली. गेल्या महिन्यात सीना नदीला आलेल्या पुरासाठी २२ जीवरक्षक जॅकेट बाहेर गेली होती, त्यांपैकी १९ परत आली आणि त्यांतही चारांचे पट्टे तुटलेले आहेत. दोर सगळे आले, पण चिखल वाळून ते इतके ताठ झाले आहेत की दोन दिवस पाण्यात भिजत घातल्याशिवाय त्यांची गुंडाळी होणार नाही. सुताच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली असल्यामुळे गटातले मोजण्याचे आणि लिहिण्याचे काम आपोआप माझ्याकडे येते, आणि खरे सांगायचे तर वाहत्या पाण्यात उतरण्याचे धैर्य माझ्यात नसल्यामुळे मला ती वाटणी सोयीचीही वाटते.

मोजणी संपल्यावर कपाटातल्या फायली लावताना एप्रिल महिन्यातले गावनिहाय तक्ते हाती लागले. उन्हाळ्यात आम्ही दोघी-तिघी रविवारी आसपासच्या गावांत जाऊन ते भरले होते : लोकसंख्या किती, शाळेच्या इमारतीला गच्ची आहे का, आरोग्य उपकेंद्र किती अंतरावर, ट्रॅक्टर कोणाकडे आहे, पोहणारे कोण. सीनाकाठच्या एका गावाच्या तक्त्यात ‘पुराचा धोका’ या रकान्यासमोर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : ‘नाही. नदी कोरडी. पात्रात मुलांचे क्रिकेट.’

त्या दिवशी ते वाक्य लिहिताना मला गंमत वाटली होती, हेही आठवते. मुलांनी पात्राच्या मधोमध विटा रचून यष्ट्या केल्या होत्या आणि आमची रिक्षा थेट पात्रातूनच पलीकडे गेली होती. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात त्याच गावातल्या शाळेच्या खिडक्या पाण्याखाली होत्या.

सोलापूर जिल्ह्यात पूर म्हटला की डोळ्यांसमोर भीमा येते, आणि त्याला कारण आहे. भीमेवर उजनी आहे. धरण किती टक्के भरले, विसर्ग किती सोडला, याची चर्चा पावसाळाभर पानपट्टीपासून पेढीपर्यंत चालते. पंढरपूरची माणसे वाळवंटातल्या पुंडलिकाच्या मंदिराला पाणी कुठवर लागले यावरून पुढच्या तासांचा अंदाज बांधतात. म्हणजे नदीकाठच्या लोकांकडे एक मोजपट्टी आहे आणि ती वापरण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवयही आहे. सीनेचे तसे नाही. ती अहिल्यानगरकडून येते, बीड-धाराशिवकडच्या ओढ्यांचे पाणी पोटात घेते आणि करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर असे तालुके ओलांडून दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलजवळ भीमेला मिळते. वर्षातला बराच काळ ती असून नसल्यासारखी असते. तिच्या संगमावर शके ९४० मधला मराठी शिलालेख आहे, आम्ही तो अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. पण तिचे पाणी कुठवर चढले होते हे सांगणारी एकही खूण मी तिच्या काठच्या गावांत आजवर पाहिलेली नाही.

यंदा वरच्या भागात अतिवृष्टी झाली, सीना-कोळेगाव आणि त्यावरच्या लहान धरणांतून पाणी सोडावे लागले, आणि घटस्थापनेच्या आठवड्यात फोनवर विसर्गाचे आकडे येऊ लागले. ते लाखांत होते. आमच्या गटातल्या पदवीधरांनाही एक क्युसेक म्हणजे नेमके किती हे सांगता येईना. मी शोधून काढले : सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ लाख लिटर, दहा हजार लिटरचे २८० टँकर एकाच क्षणी रिते केल्यासारखे. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावाला हा हिशेब क्युसेकपेक्षा लवकर कळला असता. तो संदेश मी लिहिला खरा, परंतु तोवर पाणी गावात शिरले होते.

आमची तयारी नव्हती असे मी म्हणणार नाही. ती दुसऱ्या संकटांची होती. १८ मे रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागून आठ जणांचा जीव गेला, त्यानंतर दोन महिने आम्ही पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गाळ्यांतून फिरत होतो. सुताच्या गाठोड्यांनी मागचे दार बंद झालेले आहे का, रात्री आत झोपणाऱ्या कामगाराकडे कुलपाची किल्ली असते का, एवढेच दोन प्रश्न विचारत होतो, आणि दोन्हींची उत्तरे बहुतेक ठिकाणी नको ती येत होती. त्याआधी उष्माघाताचे काम, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, हरवलेल्या मुलांचा तंबू. सीना आमच्या यादीत नव्हती, कारण यादी आम्ही आमच्या आठवणीवरून केली होती.

पुराच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद झाला, विजापूरच्या बाजूला वडकबाळकडे तीच गत झाली, आणि शहर मधोमध अडकल्यासारखे झाले. माणसांना छपरांवरून उतरवण्याचे काम राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने, लष्कराने आणि गावातल्याच पोहणाऱ्या पोरांनी केले. आमच्या वाट्याला आले ते अन्न, पाणी, औषधे आणि नावांच्या याद्या.

अन्नाबाबत मात्र लिहून ठेवले पाहिजे. सोलापूरकराला वाटते की कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे संकटाचे आदर्श अन्न आहे, आणि मलाही तसेच वाटत होते : भाकरी पापडासारखी कडक, आठवडे टिकणारी, तिला बुरशी येत नाही, चुलीची गरज नाही. पेठेतल्या बायकांनी दोन दिवसांत पोत्यांनी भाकरी जमवली. निवारा केलेल्या मंगल कार्यालयात मी ती वाटत असताना एका आजींनी भाकरी हातात घेतली, बोटांनी वाजवून पाहिली आणि विचारले, “बाई, ही चुरायची कशात?” त्यांच्या तोंडात दात नव्हते. कडक भाकरी आमटीत चुरून खायची असते. आमटीला चूल लागते, चुलीला कोरडे जळण लागते, आणि गावातले सगळे जळण वाहून गेलेले किंवा भिजलेले होते. त्या रात्रीपासून आम्ही भाकरीच्या प्रत्येक गाडीबरोबर गॅसची शेगडी, मोठे पातेले आणि तूरडाळ पाठवू लागलो. इतकी साधी गोष्ट चार महिन्यांच्या बैठकांत कोणालाही सुचली नव्हती, कारण त्या बैठकांत दात नसलेले कोणी नव्हते.

दुसरे जनावरांचे. आमच्या तक्त्यात कुटुंबे होती, म्हातारी माणसे होती, गरोदर बायका होत्या; गाई-म्हशींचा रकानाच नव्हता. पाणी चढत असताना लोक घर सोडायला तयार होत नाहीत याला आम्ही शहरात बसून हट्ट म्हणत होतो. गोठ्यात दोन दुभत्या म्हशी असताना आणि त्यांच्यावर दूध डेअरीची उचल घेतलेली असताना नावेत एकट्याने चढणे म्हणजे काय, हे मला एका शेतकऱ्याने शांतपणे समजावून सांगितले. त्यांनी दावे कापून म्हशी सोडल्या आणि मग ते स्वतः निघाले. एक तिसऱ्या दिवशी वरच्या शिवारात सापडली, दुसरी सापडली नाही. पाणी उतरल्यावर लोकांनी आमच्याकडे धान्याच्या आधी मुरघास, म्हणजे मुरवून साठवलेला हिरवा चारा, मागितला.

आणि कपडे. आज मोजणीत सर्वांत जास्त संख्या कशाची भरली असेल तर ती जुन्या कपड्यांच्या गोण्यांची : १४, न उघडलेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाची मिरवणूक पाहून उशिरा झोपलेलो, आणि चारच्या सुमारास फळीवरची भांडी वाजू लागली म्हणून सगळी पेठ रस्त्यावर आली. किल्लारी आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत. तिथली घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर लाकडावर मातीचा थर चढवलेले माळवद. उन्हाळ्यात गार राहणारे तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आले आणि हजारो माणसे गेली. जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांत आणले जात होते. बाबा चादरी भरलेल्या मालमोटारीबरोबर तिकडे गेले होते. परतल्यावर ते एवढेच म्हणाले होते की रस्त्याच्या कडेला लुगड्यांचे ढीग पडले आहेत आणि पहार मागितली तर मिळत नाही. बत्तीस वर्षांनी मी त्याच ढिगाची मोजदाद करीत होते. देणाऱ्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, कारण काय नको हे आम्ही त्यांना वेळेवर सांगितले नव्हते. पण फाटके परकर आणि लग्नातली शेरवानी एकाच गोणीत पाहिल्यावर थोडा राग येतोच.

दुपारी नवा तक्ता आखायला बसलो. जनावरांचा रकाना घातला. रात्री कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलेले असते, हा घातला. ‘पुराचा धोका’ हा प्रश्न काढून टाकून त्याजागी ‘आजवरचे सर्वांत वरचे पाणी कुठपर्यंत आले होते आणि हे कोणी सांगितले’ असा प्रश्न लिहिला. तेवढ्यात त्या सीनाकाठच्या गावातल्या आशाताईंचा फोन आला. शाळेच्या आणि देवळाच्या भिंतींवर चिखलाची जी रेघ राहिली आहे ती दिवाळीआधी धुऊन चुना मारायचे ठरले आहे. शुक्रवारी वसुबारस, म्हणून बुधवारी काम सुरू. घरांच्या भिंती तर अनेकांनी घासूनही टाकल्या. त्यांचे बरोबरच आहे, ती रेघ सणाला कोणाला पाहावीशी वाटेल?

मी त्यांना म्हटले, एका भिंतीवरची तेवढी ठेवा. त्या म्हणाल्या, “ताई, चिखलाची राहणार न्हाई, पुढच्या पावसात जाईल. रंग घेऊन या.”

खोलीत लाल तैलरंगाचा अर्धा डबा आहे, गड्ड्याच्या यात्रेतल्या फलकांचा उरलेला. ब्रश वाळून काडी झाला आहे, तो उद्या पेढीवरून येताना नवा घ्यायचा. मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आहे. रेघेशेजारी तारीख नेमकी कोणती घालायची हे मात्र गावातच विचारावे लागेल, कारण पाणी सर्वांत वर कोणत्या रात्री होते याबद्दल फोनवरच आशाताई आणि त्यांच्या सासूबाई यांचे एकमत होत नव्हते.