शून्य टक्के साम्य

पत्रकारितेवरच्या मराठी शोधपत्रिकेचं संपादन म्हणजे बराचसा वेळ अहवाल, फाँट आणि संदर्भसूचीत जातो. शेतकरी आत्महत्यांच्या वार्तांकनावर एक लेख आला, सोबत साम्य-तपासणीचा, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का ते सॉफ्टवेअरने पाहिल्याचा अहवाल: शून्य टक्के. व्याख्या आणि अवतरणं असलेल्या लेखाला शून्य सहसा येत नाही. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर नुसती रोमन अक्षरं आणि कंस. लेख युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेला होता. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असतात. आपल्याला मराठी दिसतं, सॉफ्टवेअर मागची रोमन अक्षरं वाचतं. ती कशाशी जुळणार?

फाँट बदलणाऱ्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणला की दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी टंकलेली असते, रफार नंतर. दोन्ही उलटवावे लागतात, आणि जोडाक्षर आलं की परिवर्तक चुकतो. ते हातानेच दुरुस्त करायचं. मग पुन्हा तपासणी केली. अवतरणं आणि संदर्भसूची वगळूनही साम्य १० टक्क्यांच्या पुढे गेलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत दंड नसलेली मर्यादा तेवढीच आहे. उचललेला भाग बहुतेक सैद्धांतिक चौकटीतला, म्हणजे नेहमीचाच. आकडा कमी आला असता तरी निर्धास्त होता आलं नसतं, कारण शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले कितीतरी मराठी प्रबंध स्कॅन केलेली चित्रं आहेत, त्यांतला मजकूर सॉफ्टवेअरला वाचता येत नाही.

त्याहून गंभीर भानगड मोजणीत होती. लेखकाने वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ‘शेतकऱ्यांच्या’ असा शब्द टाकून बातम्या मोजल्या होत्या. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवला जातो: एक नुक्त्याचा ऱ वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. छापलेले दोन्ही एकसारखे दिसतात. संकेतस्थळाचा शोध साधा असेल तर एका रूपाला दुसरं सापडत नाही. मोजणीतून किती बातम्या निसटल्या, हे लेखावरून कळायला मार्ग नव्हता.

लेख दोन परीक्षकांकडे गेला. त्यातले एक जिल्हा आवृत्तीत उपसंपादक राहिलेले. त्यांच्या शेऱ्यातला पहिलाच प्रश्न: आवृत्ती कुठली? लेखाचा निष्कर्ष होता, ‘मराठी दैनिकांनी विषयाकडे दुर्लक्ष केले’, आणि नमुना होता फक्त मुंबई आवृत्तीचा. यवतमाळची जी बातमी तिथल्या जिल्हा पानावर तीन कॉलम असते, ती मुंबईत एका परिच्छेदावर येते, नाहीतर येतच नाही. प्रचलित संदर्भपद्धतींत दैनिकाचं नाव, तारीख आणि पान द्यायचं असतं, आवृत्ती देण्याचा आग्रह फारसा नसतो. बाहेरच्या नियतकालिकाला हे खटकायचं कारण नाही. प्रादेशिक शोधपत्रिकेने हेही विचारलं नाही तर तिचं काम काय, असा माझा रोकडा प्रश्न आहे.

दुसऱ्या परीक्षकांनी कोडिंगच्या, म्हणजे बातम्यांना गुण देण्याच्या तक्त्यावर बोट ठेवलं. पहिल्या पानावरच्या बातमीला सर्वांत जास्त गुण होते. प्रेस कौन्सिलची सप्टेंबर २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं मात्र आत्महत्येच्या बातम्या ठळक जागी देऊ नका, असं सांगतात. म्हणजे संयमाने वागलेला संपादक या तक्त्यात नापास!

लेख मोठ्या दुरुस्त्यांसाठी परत पाठवला. सैद्धांतिक भाग नव्याने लिहायचा. सलग सात दिवसांऐवजी वर्षाला दोन रचित आठवडे घ्यायचे, म्हणजे एक सोमवार एका आठवड्यातला, मंगळवार दुसऱ्यातला, असे एकूण १४ अंक. शोधशब्द सोडून प्रत्येक अंक पानापानाने चाळायचा. ई-पेपरवर पट्टी लावता येत नाही आणि कॉलमची रुंदी दैनिकागणिक बदलते, म्हणून जागा पानाच्या टक्केवारीत मोजायची. थोडे अंक दुसऱ्या व्यक्तीकडून कोड करून घ्यायचे आणि दोघांच्या कोडची नुसती जुळणी न देता ‘कोहेनचा कप्पा’ (kappa) हा जुळणीचा निर्देशांक द्यायचा. योगायोगाने जुळलेलं त्यातून वजा होतं. तक्त्यात आवृत्तीसाठी वेगळा रकाना हवाच.

अडलं ते जुन्या जिल्हा आवृत्त्यांपाशी. ई-पेपर ठरावीक काळापलीकडे मिळत नाहीत, आणि मुंबईच्या वाचनालयात मुंबईचीच आवृत्ती बांधून ठेवलेली. काही अंक जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाचनालयात निघाले, काही निघाले नाहीत. न मिळालेल्या तारखांपुढे ‘अंक उपलब्ध नाही’ असंच छापायचं ठरलं. त्या जागी शून्य भरायचं नाही, हे लेखकाला लेखी कळवलं.