लाडकाण्याची जमीन

संक्रांत झाली की आमच्या शाळेचं गॅदरिंग. उल्हासनगर, कॅम्प नंबर चार. मैदानाला कनाती लागायच्या, वर्गातली बाकं बाहेर यायची आणि एरवी धाक दाखवणारे शिक्षक मुलांना मिशा काढत बसायचे. आमच्या डब्यातून तीळगूळ जायचा, सिंधी मित्रांकडून तिरमूरीचे, म्हणजे त्यांच्या संक्रांतीचे, लाडू यायचे. कोळीनृत्य आणि सिंध्यांचा छेज नाच, दोन्हींना ढोलकीवाला एकच.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो खंजिरीचा अर्धा तास. सिंधी शिकवणारे सर (सिंधी मुलं त्यांना आदरानं ‘साईं’ म्हणायची, मग आम्हीही) दरवर्षी तो हक्कानं मागून घेत. सिंधी कवी हुंदराज दुखायल यांच्यासाठी. दुखायल यांचा जन्म १६ जानेवारी १९१० चा, सिंधमधल्या लाडकाण्याचा. म्हणजे गॅदरिंगच्या आगेमागे त्यांचा वाढदिवसच असायचा. त्यांची गाणी साईं खंजिरीवर म्हणत. घरी वडिलांच्या तोंडी तुकडोजी महाराजांची भजनं, त्यामुळे खंजिरीचा तो ठेका माझ्या ओळखीचा होता. शब्द कळत नसले तरी मान डोलायची.

गाण्याच्या मधे मधे साईं सांगत जात. लाडकाण्यात किशिनचंद नावाचे एक शाळामास्तर होते, कवितेत स्वतःला ‘बेवस’ म्हणवणारे. सिंधी कवितेला नवं वळण लावणारा हा माणूस. हुंदराज त्यांचे शिष्य, आणि हरी दिलगीरही. बेवस, दुखायल, दिलगीर! एका गावात इतकी दुःखी नावं कशी, असं मी एकदा विचारलं. साईं म्हणाले, “नावात दुःख ठेवलं की गाण्यात हिंमत ठेवायला जागा राहते.” ते त्यांनी तिथल्या तिथे सुचून सांगितलं असेल, पण मला अजून पटतं.

दुखायल गांधीजींच्या मार्गानं गेले. स्वातंत्र्याची गाणी रचली, गायली, तुरुंगवास भोगला. स्वातंत्र्य आलं, आणि ज्या मातीसाठी गायलं तीच परक्या देशात गेली. आमच्या उल्हासनगरातही सुमारे एक लाख माणसं अशीच येऊन कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली होती. दुखायल कच्छमध्ये गेले. तिथे गांधीजींच्या शब्दाखातर महारावांनी दिलेल्या पंधरा हजार एकरांवर भाई प्रताप निर्वासितांसाठी गांधीधाम वसवत होते. आणि मग हा कवी विनोबांच्या भूदानात सामील झाला. स्वतःचं गाव गेलेला माणूस दुसऱ्या भूमिहीनांसाठी जमीन मागू लागला. याच्याइतकं मोठं मी त्यांच्याबद्दल दुसरं काही ऐकलेलं नाही.

आठवीत असताना साईंनी यावर नाटुकलं बसवलं. मराठी बोलतो म्हणून मी विनोबा, पंचा नेसून. माझा बाकावरचा सिंधी मित्र दुखायल. पदयात्रा म्हणजे मंचाभोवती फेऱ्या. मी सावकाश चालायचो, तर साईं ओरडायचे, “अरे, विनोबा भरभर चालायचे! गाणाऱ्याला दम लागला पाहिजे.” पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, हे विनोबांचं मागणं मी मराठीत म्हणायचं आणि मित्रानं लगेच सिंधीत गायचं. साईं एका कडेला वही घेऊन बसलेले, दान टिपून घ्यायला.

प्रयोगाच्या दिवशी ठरल्याप्रमाणे आम्ही मंचावरून खाली प्रेक्षकांत उतरलो. दाते म्हणून उभी राहायची चार मुलं आधीच नेमलेली होती. एक एकर, दोन एकर, सगळं पाठ केल्यासारखं झालं. आम्ही परत फिरणार, तेवढ्यात मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी माझा पंचा धरला आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, “पुट, मेरी जमीन लाडकाणे में रह गई. वो लिख लो.”

मला पुढचं वाक्य माहीत नव्हतं. नाटकात ते नव्हतंच. मित्राचं गाणं थांबलं, मैदान गप्प झालं. मी साईंकडे पाहिलं. त्यांनी उठून आजोबांच्या पायाला हात लावला, वही उघडली आणि विचारलं, “कितने एकड़, साईं?”